फ्लेमिश स्थिरचित्र कसं पाहावं

एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या चित्रकलेच्या परीक्षांना बसलेल्यांना स्थिरचित्राचा पेपर आठवत असेल. टेबलावर किटली किंवा तांब्या, शेजारी दोन वांगी आणि कांदा, मागे चुण्या पाडून सोडलेलं कापड. आकार चुकू नये, प्रमाण सुटू नये, सावली एकाच बाजूला पडावी, एवढं जमलं की मुलाचं बरं चाललंय असं सर म्हणायचे. तांब्या पितळेचा आहे, वांग्याची साल तुळतुळीत आहे आणि कांद्याचं टरफल कागदासारखं कुरकुरीत आहे, हे रंगातून कसं सांगायचं, तिथवर फारसं कुणी पोहोचत नसे. फ्लेमिश चित्रकारांचा खरा धडा तिथूनच सुरू होतो.

फ्लँडर्स म्हणजे आजच्या बेल्जियमचा उत्तरेकडचा भाग, आणि या चित्रांचं माहेर म्हणजे अँटवर्प. १६०० नंतरची चार-पाच दशकं तिथे जेवणाची टेबलं, फुलांच्या परड्या, मासळी, शिकार, कालवं, चीज असं सगळं इतक्या बारकाईनं रंगवलं गेलं की पाहणाऱ्याचा हात आपसूक पुढे व्हावा. या चित्रांबद्दल वाचायला गेलं की बहुधा चिन्हांची यादी हाती पडते. लिंबू म्हणजे हे, माशी म्हणजे ते, कवटी म्हणजे मृत्यू. यादी खोटी नाही, पण ती हातात धरून चित्र पाहिलं की चित्र राहतं बाजूला आणि शब्दकोश उघडल्यासारखं होतं. माझं म्हणणं असं की आधी पोत पाहावा. वस्तूचा स्पर्श डोळ्यांना जाणवला की अर्थ त्याच वाटेनं आत येतो. लिंबू पाहून तोंडाला पाणी सुटलं नाही, तर त्याच्या आंबटपणातला उपदेश कुणाला कळणार?

एक चित्र समोर ठेवूया. क्लारा पीटर्स या चित्रकर्तीनं १६१५च्या सुमारास ओकच्या फळीवर रंगवलेलं चीज, बदाम आणि प्रेत्झेलचं स्थिरचित्र. नेदरलँड्समधल्या हेग शहरातल्या मॉरित्सहाउस संग्रहालयानं ते २०१२ साली घेतलं. आकार लहानच, जेमतेम ३५ बाय ५० सेंटिमीटर. मधोमध चीजचे मोठे तुकडे एकावर एक रचलेले, त्यांवर बशी आणि बशीत लोण्याच्या वळ्या. पुढे सुकं अंजीर, बदाम, प्रेत्झेल. मागे व्हेनिसच्या धर्तीचा नाजूक पेला आणि तपकिरी भाजक्या मातीचा जग, त्याला प्यूटरचं, म्हणजे कथलाच्या मिश्रधातूचं झाकण. टेबलाच्या कडेशी एक चांदीची सुरी.

चीजच्या कापलेल्या बाजूकडे नीट पाहिलं की सुरी फिरल्याच्या रेघा दिसतात, कडेला भुगा सुटलेला दिसतो, वाळून टणक झालेला पापुद्रा आणि आतला ओलसर गर यांच्यातला फरक दिसतो. लोण्याच्या वळ्यांवर प्रकाश मऊ पसरलेला आहे, त्याला तीक्ष्ण कडा नाही. जगाच्या झाकणावर मात्र तोच प्रकाश एका ठिकाणी गोळा होऊन चमकतो. आणि त्या झाकणात एक चिमुकला चेहरा आहे, पांढरी टोपी घातलेला. ती क्लारा पीटर्स स्वतः. सुरीच्या बाजूवर तिचं नाव कोरलेलं आहे. चित्रावर सही करायची तर कोपऱ्यात करता आली असती, पण तिनं ती चांदीत कोरल्यासारखी रंगवली.

हे सगळं शक्य झालं ते तैलरंगांमुळे आणि त्यांच्या खालच्या तयारीमुळे. फळी ओकची, बहुतेक वेळा बाल्टिक समुद्राकाठच्या जंगलांतून आलेली. फळ्या बनवणाऱ्यांवर अँटवर्पच्या चित्रकार-संघाची, सेंट ल्यूक गिल्डची, करडी नजर असे. १६१७ साली त्यासाठी नियमच केले गेले, आणि तपासून पास झालेल्या फळीच्या पाठीवर शहराचा शिक्का डागला जाई: किल्ला आणि दोन हात. आज चार शतकांनंतर या चित्रांचा पृष्ठभाग टिकून आहे, त्याचं बरंचसं श्रेय या कंटाळवाण्या वाटणाऱ्या तपासणीला जातं.

फळीवर खडूची पूड आणि प्राण्यांच्या कातड्याहाडांपासून काढलेला सरस यांचं अस्तर चढवून ते घासून गुळगुळीत करायचं. जाड्याभरड्या कापडावर बारीक ब्रश अडखळतो, या अस्तरावर तो सरकत जातो. त्यावर करड्या-तपकिरी रंगाचा पातळ हात, मग रेखाटन, मग छायाप्रकाशाची ढोबळ मांडणी, मग वस्तूंचे मूळ रंग, आणि शेवटी पारदर्शक थर, ज्यांना चित्रकार ग्लेझ म्हणतात. प्रत्येक थर वाळायला वेळ लागतो, कारण जवसाचं किंवा अक्रोडाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. त्यामुळे चित्रकाराला दोन वाटा मिळतात. ओल्या रंगात ओला रंग मिसळून सशाची लव किंवा पाखराची पिसं मऊ करता येतात, आणि वाळलेल्या थरावर पातळ थर देऊन खोली आणता येते.

ही खोली नेमकी कशी येते, ते समजून घेण्यासारखं आहे. पावसात भिजलेली कौलं कोरड्या कौलांपेक्षा गडद आणि भरदार दिसतात. कोरड्या कौलाच्या बारीक छिद्रांत हवा असते, तिथे प्रकाश आपटून विखुरतो आणि रंग फिका पडतो. छिद्रांत पाणी भरलं की विखुरणं कमी होतं आणि प्रकाश आत शिरतो. रंगाच्या कणांभोवती तेल असलं की तेच घडतं. विखुरणं किती, ते तेल आणि रंगकण यांच्या अपवर्तनांकांतल्या, म्हणजे प्रकाश वाकवण्याच्या क्षमतेतल्या, फरकावर ठरतं. तेलाचा अपवर्तनांक १.४८च्या आसपास. खडूचा त्याच्या जवळपास, म्हणून तेलात घोटलेला खडू पांढरा राहतच नाही, मळकट पारदर्शक होतो. शिशापासून केलेल्या सफेद्याचा अपवर्तनांक मात्र २च्या घरात, म्हणून तो तेलातही प्रकाश जोरात परतवतो आणि अपारदर्शक पांढरा दिसतो. मंजिष्ठासारख्या झाडांपासून किंवा मेक्सिकोहून येणाऱ्या कोचिनील किड्यांपासून काढलेले लाल रंग तेलात जवळजवळ काचेसारखे होतात. खाली उजळ थर आणि वर असा पारदर्शक लाल थर दिला, की प्रकाश वरच्या थरातून आत जातो, खालून परततो आणि रंग आतून पेटल्यासारखा दिसतो. चेरीचा, द्राक्षारसाचा, मखमलीचा लाल असा तयार होतो. हे एकाच थरात, रंग कितीही महाग आणला तरी, साधत नाही.

आता अर्धवट सोललेलं लिंबू घेऊ. अँटवर्पला येऊन स्थिरावलेल्या यान डाविड्सझोन द हेमनं अशी लिंबं पुष्कळ रंगवली, आणि शतकाच्या मध्याला तर ती या चित्रप्रकाराची ओळखच होऊन बसली. चित्रकारांना लिंबाचं एवढं वेड का? एका फळात चार वेगवेगळे पृष्ठभाग मिळतात म्हणून. साल खडबडीत, तेलकट, छिद्राछिद्रांची: तिथे शिसं आणि कथील यांपासून केलेल्या दाट पिवळ्या रंगाचे ठिपके उठून राहतील असे ठेवले जातात, त्यांच्या मधल्या खळग्यांत गेरू-पिवडीच्या सावल्या. सालीच्या आतला पांढरा भाग कोरडा आणि मऊ: तिथे चमक अजिबात नाही, नुसता जाडसर सफेदा, कडेला किंचित करडा. गर मात्र ओला आणि अर्धपारदर्शक: तिथे पिवळ्या वनस्पतीरंगाचे पातळ थर, फोडींच्या मधून पांढऱ्या बारीक रेघा. आणि सगळ्यांत शेवटी, रस साचला आहे तिथे, सफेद्याचे दोन-तीन टोकदार ठिपके. हे शेवटचे ठिपके झाकून पाहिले तर फळ क्षणात वाळून जाईल. ओलेपणा त्या दोन-तीन ठिपक्यांत साठवलेला असतो.

इथे चित्रकारांना प्रयोगशाळेशिवाय गवसलेला एक नियम दिसतो. चकाकीची कडा जितकी तीक्ष्ण तितका पृष्ठभाग गुळगुळीत वाटतो, ती जितकी विरघळलेली तितका पृष्ठभाग रखरखीत किंवा मऊ वाटतो. काचेच्या पेल्यात खरं तर रंगवायला काही नसतंच. मागचं दृश्य आधी पूर्ण करायचं, मग पेल्याच्या कडांना दोन बारीक रेघा आणि फुगवट्यावर खिडकीच्या तावदानाचं वाकडं प्रतिबिंब. तेवढ्यावर काच उभी राहते. मखमलीचं गणित उलटं: तिचा समोरचा भाग काळोखा आणि कडा उजळ, कारण तिचे उभे धागे बाजूनं आलेला प्रकाश पकडतात. काळ्या द्राक्षांवर जी निळसर पांढुरकी भुकटी असते, तिच्यासाठी निळा रंग दर वेळी लागतोच असं नाही. गडद थरावर सफेद्याचा अगदी विरळ हात फिरवला की तो आपोआप निळसर दिसतो. विलेम ब्युअर्स या डच चित्रकारानं १६९२ साली छापलेल्या पुस्तकात फळं, फुलं, धातू यांसाठी कोणता रंग कुठे वापरायचा याच्या कृती दिल्या आहेत, पाककृती द्याव्यात तशा. म्हणजे ही कारागिरी दैवी देणगी मानून कुणी थांबलं नव्हतं. ती शिकवता येत होती.

कालवं रंगवण्यात ओसियास बीर्ट याचा हात धरणारा विरळा. हा गृहस्थ चित्रांबरोबर बुचांचा व्यापारही करत असे. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत त्याचं १६२०-२५च्या आसपासचं कालवं, फळं आणि द्राक्षमद्याचं चित्र आहे. शिंपल्याचा आतला मोतिया गुळगुळीतपणा, बाहेरची खरबरीत कड आणि मधला थरथरता मांसल गोळा, असे तिन्ही पोत एका तबकात शेजारी शेजारी. बाजूला साखरेच्या पाकात घोळवलेल्या मिठाया आहेत. साखर शुद्ध करण्याच्या धंद्यात अँटवर्प आधीपासून पुढारलेलं होतं, आणि श्रीमंत घरातली ही मिठाई पाहुण्यांनी पाहावी म्हणूनच मांडलेली असे. अशा टेबलांवर दिसणारी निळी-पांढरी चिनी भांडी पोर्तुगीज जहाजांतून मकाव, गोवा, लिस्बन असा प्रवास करत युरोपात पोहोचत. आपल्या किनाऱ्यावरून गेलेला हा माल आहे.

कामाची वाटणीही होती. फ्रान्स स्नायडर्स प्राणी आणि शिकारीत इतका तरबेज, की अँटवर्पचा नामवंत चित्रकार रुबेन्स यानं आपल्या बंदिस्त प्रोमिथियसच्या चित्रातला गरुड त्याच्याकडून रंगवून घेतला आणि १६१८च्या एका पत्रात गिऱ्हाइकाला तसं लिहूनही कळवलं. यात कमीपणा वाटण्यासारखं काही नव्हतं. ज्याचा ज्या पोतावर हात बसलेला, त्यानं तो करायचा.

आता अर्थाकडे वळू. या चित्रांच्या मागे एक पिढी आधीची बाजार आणि स्वयंपाकघराची चित्रं आहेत. पीटर आर्टसेननं १५५१ साली रंगवलेल्या मांसाच्या दुकानात पुढे सोललेलं डोकं, आतडी, सॉसेज, मासे यांचा नुसता ढीग, आणि मागे दुकानाच्या फटीतून दिसणारी इवलीशी माणसं: इजिप्तला पळून जाताना वाटेत भिकाऱ्याला भाकर देणारी मेरी. देहाची भूक पुढे, धर्म मागे. पुढच्या काळात ती मागची माणसं गेली आणि वस्तू तेवढ्या उरल्या, पण वस्तूंकडे असं पाहण्याची सवय राहिली. १५८५ मध्ये अँटवर्प स्पॅनिश सैन्याच्या हाती पडल्यावर शहर पुन्हा कट्टर कॅथलिक झालं होतं. त्यामुळे पाव आणि द्राक्षमद्य शेजारी शेजारी दिसले की पाहणाऱ्याला चर्चमधल्या प्रसादविधीची आठवण होणं अगदी साहजिक होतं.

अक्रोडाचा अर्थ तर संत ऑगस्टीनपर्यंत मागे जातो: वरची हिरवी साल म्हणजे ख्रिस्ताचा देह, कठीण कवच म्हणजे क्रूसाचं लाकूड, आतला गर म्हणजे त्याचं देवपण. पांढरी लिली मेरीच्या पावित्र्याची, आयरिस तिच्या दुःखाची, सफरचंद आदम-ईव्हच्या पापाचं, फुलपाखरू मेल्यावर पुन्हा उठणाऱ्या आत्म्याचं, माशी कुजण्याची. कवटी, विझत आलेली मेणबत्ती, घड्याळ, साबणाचा बुडबुडा ही मंडळी आली की चित्र सरळ सरळ नश्वरतेचं. बायबलातल्या उपदेशकाच्या ग्रंथावरून या चित्रांना ‘व्हॅनिटास’ म्हणतात.

क्लारा पीटर्सच्या टेबलावर असलं काही धडधडीत नाही. तरी सुरी पाहा. ती लग्नात वधूला देण्याची सुरी आहे, आणि तिच्या मुठीवर निष्ठा आणि संयम या दोन गुणांच्या आकृती कोरलेल्या आहेत. तिच्याच शेजारी चीजवर लोणी रचलेलं आहे, आणि दुधाच्या पदार्थावर दुधाचाच पदार्थ म्हणजे सैतानाचं काम, अशी त्या मुलखात म्हण होती. चैनीचं ताट आणि संयमाची सुरी एकाच टेबलावर. हा योगायोग असेल असं मला वाटत नाही. पण तिनं निर्णय दिलेला नाही. चीज इतकं चविष्ट रंगवलं आहे की संयमाची बाजू तिनं एकतर्फी घेतली असं म्हणताच येत नाही.

याच मुद्द्यावर अभ्यासकांत मोठा वाद झाला. डच कलेतिहासकार एडी द योंग यांनी १९७६ साली ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियम या संग्रहालयात भरवलेल्या प्रदर्शनातून दाखवलं, की रोजच्या जीवनाच्या साध्या वाटणाऱ्या चित्रांमागे त्या काळच्या बोधचित्रांच्या पुस्तकांतले अर्थ दडलेले आहेत. स्वेतलाना आल्पर्स यांनी १९८३च्या आपल्या ग्रंथात उलट बाजू मांडली: ही उत्तरेकडची चित्रकला मुळात जग निरखण्याची, वर्णन करण्याची कला आहे, भिंगं आणि नकाशांच्या सोबतीनं वाढलेली. वाद प्रामुख्यानं डच चित्रांचा, पण फ्लेमिश चित्रांनाही तो लागू पडतो. मला दोन्ही बाजू अर्ध्या अर्ध्या पटतात. जेझुइट ब्रदर डानिएल सेगर्सनं मेरीच्या मूर्तीभोवती फुलांचे हार रंगवले, तिथे फुलांचा अर्थ धार्मिकच आहे, त्यात शंका नको. उलट कोर्नेलिस नॉर्बर्टस गिजब्रेख्ट्स या अँटवर्पच्या चित्रकारानं डेन्मार्कच्या दरबारासाठी काम करताना १६७०च्या सुमारास रंगवलेलं चित्र पाहा. त्यात आहे ती एका चित्राची पाठ: चौकटीचं लाकूड, खिळे, कॅनव्हासचं कापड आणि ३६ आकडा लिहिलेली चिठ्ठी. चिन्ह म्हणून बोट ठेवावं असं त्यात काही नाही. नुसत्या पोताच्या बळावर तो पाहणाऱ्याला विचारात पाडतो.

फुलांच्या चित्रांत हा पेच आणखी रंगतो. थोरला यान ब्रूगेल याच्या फुलदाणीत वसंतातला ट्यूलिप आणि उन्हाळ्यातला गुलाब एकत्र फुललेले असतात. अशी फुलदाणी प्रत्यक्षात कधीच कुणी पाहिली नसेल. मिलानचे कार्डिनल फेदेरिको बोरोमेओ यांच्यासाठी १६०६ साली केलेल्या चित्रात शंभराहून अधिक फुलं आहेत, आणि अँटवर्पला न मिळणारी फुलं समोर ठेवून रंगवता यावीत म्हणून तो ब्रसेल्सपर्यंत गेला. एकेक फूल फुलेल तशी वाट पाहत महिनोन्‌महिने काम चालायचं. फुलदाणीच्या पायाशी त्यानं नाणी, शिंपले आणि रत्न रंगवलं. बोरोमेओंनी स्वतःच नोंदवून ठेवलंय, की चित्राची किंमत म्हणून त्यांनी त्या रत्नाच्या मोलाएवढे पैसे दिले. फुलं क्षणभंगुर, हे कार्डिनलना कुणी सांगायला नको होतं. त्यांना थंडीत फुलं पाहायची होती, आणि देवाच्या निर्मितीचं कौतुक म्हणून पाहायची होती. क्षणभंगुरता आणि आनंद एकाच फुलदाणीत मावतात.

संग्रहालयात किंवा पडद्यावर ही चित्रं पाहताना एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. आपण पाहतो तो पृष्ठभाग चित्रकारानं सोडला तसाच राहिलेला नाही. पुष्कळ फुलांच्या चित्रांत पानं चक्क निळी दिसतात. त्यात कसलंही गूढ चिन्ह शोधू नये. निळ्यात किंवा निळ्यावर दिलेला पिवळा वनस्पतीरंग उजेडानं उडून गेला आणि निळा तेवढा उरला. कोबाल्टयुक्त काच दळून केलेला स्मॉल्ट हा स्वस्त निळा रंग तेलात करडा पडत जातो. द हेमच्या वर्तुळातला अब्राहम मिग्नॉन याच्या राइक्सम्युझियममधल्या फुलं आणि घड्याळाच्या चित्रात एक पिवळा गुलाब आज सपाट, निर्जीव दिसतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या क्ष-किरण तपासणीत त्यामागचं कारण सापडलं: तो गुलाब हरताळानं, म्हणजे आर्सेनिकच्या पिवळ्या रंगानं रंगवला होता, हरताळ बिघडून पांढुरका झाला आणि पाकळ्यांचे बारकावे त्यात बुडाले.

क्लारा पीटर्सची ठाम ओळखता येणारी चित्रं चाळीसच्या आसपास आहेत. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात त्यांतली चार आहेत, आणि २०१६ साली प्रादोनं तिचं प्रदर्शन भरवलं तेव्हा एका स्त्री चित्रकाराला वाहिलेलं ते त्या संग्रहालयाचं पहिलंच प्रदर्शन होतं. जर्मनीतल्या कार्ल्सरूऽच्या संग्रहालयात तिचं १६१२चं चित्र आहे, त्यातल्या सोनेरी पेल्याच्या फुगीर टेंगळांवर तिचा चेहरा पुन्हा पुन्हा उमटलेला आहे. युरोपला जाणं प्रत्येकाला जमणार नाही. पण मॉरित्सहाउस, राइक्सम्युझियम आणि वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी आपल्या चित्रांची मोठ्या आकारातली छायाचित्रं फुकट पाहू देतात, उतरवूनही घेऊ देतात. बीर्टच्या कालवांपासून सुरुवात करा. चित्र मोठं करा, आधी प्रत्येक चकाकीची कडा तीक्ष्ण आहे की विरलेली ते पाहा, आणि चिन्हांची यादी त्यानंतरच उघडा.